न तासलेला कोपरा

मित्रांनो, मी एक जुना डस्टर आहे. पाठीला लाकूड, पोटाला जाड लोकरी कापड आणि एका कोपऱ्यावर तपकिरी डाग. तो डाग शाईचा नाही. तो एका नऊ वर्षांच्या मुलाच्या रक्ताचा आहे आणि ते रक्त मीच काढले आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याबद्दल कोणाचा गैरसमज नको.

शाळेचे दार बसवताना चौकटीचा एक तुकडा उरला. त्यातून एका सुताराने मला बनवले. माझे तीन कोपरे त्याने रंधा मारून छान गोल केले. चौथ्या कोपऱ्यापाशी आला आणि कोणीतरी त्याला चहाला हाक मारली. परत आला तेव्हा त्याच्या डोक्यात दुसरेच काम होते. माझा चौथा कोपरा राहिला तो राहिलाच. डस्टरच्या कोपऱ्याकडे कोण बघतो?

मी गणिताच्या सरांच्या वर्गात गेलो. सर माणूस वाईट नव्हते. मुलांच्या वह्या घरी नेऊन जेवणखाण विसरून तपासत. पण पाढा अडला की त्यांचा स्वतःवरचा ताबा सुटे. "डोकं आहे की खोकं?" एवढे ते म्हणत आणि पुढच्या क्षणी मी हवेत असे. त्यांचा नेम कधी चुकला नाही. मी एकाचा कान सुजवला, एकाचा पुढचा दात अर्धा तोडला, एकीच्या बोटाचे हाड मोडले. तिने पुढे महिनाभर डाव्या हाताने लिहिले. शेजारच्या वर्गातले शिक्षक सरांचा नेम बघायला दारात येऊन उभे राहत आणि हसत. मीही फुशारून जायचो. खोटे कशाला बोलू, मला उडायला आवडायचे.

मग तिसऱ्या बाकावरचा तो मुलगा आला. सतराच्या पाढ्यात 'सतरा सक'पाशी तो थांबला. सरांनी मला फेकले. एरवी मुले मान खाली घालत, हा मात्र आठवण्यासाठी वर छताकडे बघत होता. माझा चौथा कोपरा त्याच्या भुवईच्या वर रुतला. नारळ फुटावा तसा आवाज झाला. रक्त त्याच्या डोळ्यात गेले, तिथून वहीवर आणि वहीवरून माझ्या कापडात. तो ओरडला नाही. "सांगतो सर, सांगतो," एवढेच म्हणत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो पट्टी बांधून आला आणि सतराचा पाढा घडाघडा म्हणून मोकळा झाला. सरांना तर आकाश ठेंगणे झाले. पुढची पंचवीस वर्षे ते नव्या शिक्षकांना ही गोष्ट सांगत आणि सांगताना मला टेबलावर ठेवून थोपटत. माझे कौतुक झाले ते एवढेच.

नंतर ती साथ आली आणि एका दुपारी शाळेला कुलूप लागले. सरांनी हजेरीपट आणि खडूची पेटी पिशवीत टाकली, मलाही टाकले. घरी मला काही काम नव्हते. सरांच्या टेबलावर मला आडवे ठेवले आणि माझ्या पाठीला त्यांचा मोबाईल टेकवला. वर्ग आता त्यावरच भरे. त्यामुळे मुलांचा आवाज न् आवाज माझ्या लाकडातून जायचा.

वर्षअखेर परीक्षा घ्यायची कशी, यावर शाळेची फोनवरच बैठक झाली. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या म्हणाल्या, "लेखी परीक्षा नाही. मुलांनी घरी तोंडी म्हणायचं, पालकांनी रेकॉर्ड करून पाठवायचं, आपण श्रेणी द्यायची. यंदा कोणाला नापास करायचं नाही." त्यावर सरांनी एक सूचना केली. त्यांच्या मनात मुलांविषयी दयाच होती, हे मी शपथेवर सांगेन. ते म्हणाले, "मुलं घाबरलेली आहेत. हवं तितक्या वेळा म्हणू दे. सगळ्यात चांगलं रेकॉर्डिंग असेल तेच आपण धरू." सगळ्यांना पटले. मोठ्या बाईंनी तर शाब्बास म्हटले.

आणि काय सांगू, रेकॉर्डिंगे अशी आली की सर थक्क झाले! ज्या मुलांना बाराचा पाढा धड येत नव्हता, ती सतराचा, एकोणिसाचा न अडखळता म्हणत होती. सर 'अ' वर 'अ' देत सुटले. एकच गोष्ट त्यांना खटकली. बरीच मुले पाढा सुरू करण्याआधी नाक ओढत. साथीचे दिवस! सरांनी नाक ओढणाऱ्या अकरा मुलांची यादी केली आणि घरोघरी फोन लावले. "ताप आहे का? वाफ द्या. डॉक्टरांना दाखवा." प्रत्येक घरातून उत्तर आले, "छे हो सर, पोर ठणठणीत आहे." सर हुश्श म्हणायचे. मी ओळखायला हवे होते. रडून झालेल्या मुलाचे नाक मी आयुष्यभर ऐकले होते.

वर्गात एक मुलगी होती. बोलताना अडखळायची, म्हणून सर तिला हळूबाई म्हणत. तिचे वडील खिडक्यांचे ग्रिल बनवायचे. त्यांचा कारखाना बंद होता आणि ते दिवसभर घरी असत. सगळ्यांना श्रेणी देऊन झाली तरी हळूबाईचे रेकॉर्डिंग आले नव्हते. आले ते एका सकाळी, सर चहा घेत असताना. बाकीच्यांची मिनिटभराची असत, हे सहा मिनिटांचे होते. वडिलांनी बटण बंद केले असे समजून फोन बाजूला ठेवला असावा आणि चुकून हेच पाठवले असावे.

पाढा सुरू झाला. 'सतरा सक'पाशी हळूबाई अडली. "ए... ए... ए..." मग थप्पड. थपडेचा आवाज माझ्या पाठीतून असा गेला की मी टेबलावर हललो. पुन्हा "ए... ए..." पुन्हा थप्पड, मग डोके भिंतीवर आदळल्याचा धप्प आवाज. "चौदावी वेळ आहे ही! बाकीच्यांना 'अ' मिळतो आणि तू? डोकं आहे की खोकं?" मग ठोशाचा आवाज, आणि तिचे हुंदके दाबणे. शेवटी तोच माणूस दमलेल्या आवाजात म्हणाला, "डोळे पूस. नाक ओढ. सरांना रडका आवाज जायला नको. हं, म्हण आता."

सरांचा कप बशीवर कलंडला. त्यांची बायको आतून आली. "अहो, काय झालं?"

सर यादीकडे बघत होते. "ही अकरा मुलं," ते म्हणाले, "यांना सर्दी नव्हती गं."

त्यांनी हळूबाईच्या घरी फोन लावला. वडील खुशीत होते. "बोला सर! ओळखलं नाहीत ना कधी? मी तुमच्याच हाताखालचा. तिसऱ्या बाकावरचा. कपाळावर तुमची सही आहे अजून. तो डस्टर बसला आणि एका रात्रीत पाढा पाठ झाला माझा. पोरीला तेच सांगतो मी. 'अ' मिळेल ना सर?"

सरांनी फोन ठेवला, तोंडाला मास्क बांधला, मला पिशवीत टाकले आणि बाहेर पडले.

रस्ते ओस पडले होते. चौकात बांबू आडवे बांधले होते आणि तिथे एक हवालदार उभा होता. त्याने आधी सरांच्या पोटरीवर काठी हाणली आणि मग विचारले, "कुठं निघालात?"

"मी शिक्षक आहे," सर कळवळून म्हणाले. "परीक्षा घ्यायला चाललोय."

"मग घरात बसून घ्या की!" हवालदाराने दुसरी काठी मांडीवर दिली. बहुधा कोणीतरी वरच्या खिडकीतून बघत असावे, कारण तिसरी उगारून त्याने खाली घेतली आणि नजर दुसरीकडे वळवली. सर लंगडत पुढे गेले. एवढ्या वर्षांत सरांना मार बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मार खाल्लेले सगळे सारखेच चालतात.

हळूबाईचे घर म्हणजे एकच खोली. दारासमोर लोखंडी पट्ट्यांचा ढीग. सर सहा हात लांब उभे राहिले आणि त्यांनी हाक मारली. वडील बाहेर आले. दारातून वाकून यावे लागेल एवढा आडदांड माणूस, भुवईच्या वर पांढरा वण. त्यांच्या मागे चौकटीला धरून हळूबाई. तिचा डावा कान जांभळा पडला होता आणि ओठ फाटला होता.

सरांना बोलायचे बरेच होते, पण सुरुवात सुचेना. त्यांनी पिशवीत हात घातला आणि मला बाहेर काढले. दाखवायला म्हणून हात जरासा वर केला, इतकेच.

तो आडदांड माणूस खाली बसला. दोन्ही हात डोक्यावर, गुडघे पोटाशी, डोळे मिटलेले. आणि त्याच्या तोंडून एका लहान मुलाचा आवाज येऊ लागला. "सांगतो सर, सांगतो. सतरा पाचे पंच्याऐंशी. सतरा सक... सतरा सक..."

पुढचे त्याला येत नव्हते. पंचवीस वर्षे सरांनी ज्याची बढाई मारली तो पाढा एका दिवसापुरताच पाठ होता. पुढे पाढा गेला आणि मार तेवढा राहिला. ज्यासाठी मी एका मुलाचे कपाळ फोडले, त्यातले काहीही उरले नव्हते. मित्रांनो, मी लाकूड आहे, पण त्या वेळी मला वाटले की कोणीतरी मला चुलीत घालावे.

"सतरा सक..." तो पुन्हा तिथेच अडला.

मागून हळूबाई वाकली आणि वर्गात चोरून सांगतात तशी कुजबुजली, "ए... एकशे दोन, बाबा."

मग सरांनी मला खाली जमिनीवर ठेवले आणि तिथेच, लोखंडी पट्ट्यांवर बसले. "ऊठ रे," ते म्हणाले. "मी मारत नाही. तेव्हा मारलं ते चुकलं माझं. पाढा तुला भीतीने आला होता आणि मी ती गोष्ट मिरवत फिरलो. आताही चूक माझीच आहे, हवं तितक्या वेळा म्हणा असं मीच सुचवलं होतं. पण तिच्या अंगावर उठलेला हात तुझा आहे. तो तू थांबव."

वडिलांनी डोळे उघडले. मुलगी आपल्याकडे बघते आहे हे त्यांना कळले आणि त्यांनी तोंड फिरवले.

"तुझी परीक्षा झाली," सर हळूबाईला म्हणाले.

"मी अ... अजून म्हटलंच नाही, सर."

"सतरा सक सांगितलंस ना? या घरात तेवढंच अडलं होतं." मग त्यांनी मला तिच्याकडे सरकवले. "फोन टेकवायला ठेव हा. माझ्याकडे नको आता."

त्याच संध्याकाळी म्हणे सरांनी मोठ्या बाईंना फोन केला आणि सगळे सांगितले, स्वतःचेही. दिलेल्या श्रेण्या तशाच राहिल्या, नियम मात्र बदलला. सरांनी पालकांना लिहिलेला निरोप हळूबाईच्या फोनवर आला तेव्हा मी त्या फोनखालीच होतो. 'यापुढे पहिलेच रेकॉर्डिंग धरले जाईल, चुकांसकट. अडखळण्याचे गुण कापणार नाही. म्हणून झाल्यावर फोन एक मिनिट चालूच ठेवावा. त्या मिनिटालाही गुण आहेत आणि ते पालकांचे आहेत. ते मिनिट मी स्वतः ऐकेन. ज्या घरात ते मिनिट मला बरे वाटणार नाही, तिथे मी चालत येईन.'

मोठ्या बाई म्हणे चिडल्या होत्या. "पालकांना गुण देणारे आपण कोण?" असे त्यांनी विचारले. पण आठवड्याने त्यांनी ती मिनिटे स्वतः ऐकली आणि दोन घरी त्या स्वतः चालत गेल्या.

आता मी हळूबाईच्या फळीवर असतो. नव्या नियमानंतरचे तिचे पहिले रेकॉर्डिंग मला पाठ आहे. ती चार ठिकाणी अडखळली, दोन ठिकाणी चुकली, पाढा संपायला तीन मिनिटे लागली. मग ते जास्तीचे मिनिट सुरू झाले. वडील खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीला टेकून बसले होते. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते. ते मिनिट त्यांना तिच्या पाढ्यापेक्षा जड गेले. सरांनी तिला 'ब' दिला. वडिलांना काय दिले ते कोणी सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी मला उचलले. मला वाटले, फेकणार. त्यांनी कानस घेतली, माझा चौथा कोपरा बोटाने चाचपला, त्याच बोटाने आपली भुवई चाचपली आणि घासायला सुरुवात केली. कोपरा गोल झाला, डागही अर्धा गेला. अर्धा आत मुरला होता, तो तसाच आहे.

सगळे गोड झाले असे मात्र समजू नका. काल वडिलांनी माझ्या मागच्या खिडकीची कडी लावायला हात वर केला. फक्त कडी लावायला. हळूबाईने पटकन मान खाली घातली आणि डोक्यावर हात घेतले. वडील हात तसाच वर ठेवून उभे राहिले. मग त्यांनी तो इतका सावकाश खाली आणला, की तिला शेवटपर्यंत दिसत राहील.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्यासमोर कोणी उगाच मान खाली घातली, तर हसू नका. थांबा. तुमचा हात समोरच्याला दिसू द्या, आणि मग सावकाश खाली घ्या.