बारा तुकड्यांचा पडदा

"वाकडा टाका दिसला की लगेच उसवायचा, पोरी. कुणाचा आहे ते विचारत बसायचं नाही." शिवण शिकवणाऱ्या आत्याचा तो खर्जातला आवाज चाळीस वर्षांपूर्वी कानात शिरला आणि शिंपीणबाईंच्या बोटांत कायमचा राहायला गेला. त्यानंच आज त्यांना गोत्यात आणलं होतं.

सभागृहात बाराजणींनी मिळून केलेला पडदा टांगला होता. प्रत्येकीनं आपला तुकडा आपल्या हातानं भरायचा, असं ठरलेलं. सगळ्यांनी मिळून कला केली की माणसात काय फरक पडतो, हे तपासायला पाहणीवाल्या बाई आल्या होत्या. त्यांनी शिंपीणबाईंच्या धाकट्या जावेच्या तुकड्याचे दोन फोटो टेबलावर मांडले.

"पक्षाघातानंतर यांचा हात थरथरत होता ना? पहिल्या महिन्यात टाके कसे सांडल्यासारखे. आणि आता बघा, एका रेषेत! अहवालाचं पहिलं पान हेच."

धाकटी लाजली. "मला मेलीला नीट दिसतंय कुठं! पण बोट फिरवलं की कळतं, हात बसला. दवाखान्यातला व्यायामसुद्धा सोडला मी. कशाला उगीच हेलपाटे?"

शिंपीणबाईंनी झटकन जावेकडे पाहिलं. व्यायाम सोडला? घरात तर ही चकार शब्द बोलली नव्हती.

"मावशी, कॅमेऱ्यासमोर चार टाके घालून दाखवता?" पाहणीवाल्या बाईंनी धाकटीला विचारलं.

"चार काय, चाळीस घालते!"

"अगं, सिनेमात निघालीस, आमची ओळख ठेव हो!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"जाऊबाई, तेवढा दोरा ओवून द्या."

शिंपीणबाईंना तो तिसऱ्या खेपेला ओवता आला. धाकटीनं सुई धरली. टोक कापडावर भिरभिरू लागलं, जागा न सापडलेल्या माशीसारखं. चेहऱ्यावरचं हसू मात्र तसंच. बोलावं तर बाराजणींदेखत हिची मान खाली जाणार. गप्प बसावं तर हिचा हात जाणार.

"तो कॅमेरा बंद करा."

"का हो?"

"बंद करा म्हणते ना!" मग त्या जावेकडे वळल्या. आवाज उतरला. "अगं, ते टाके तुझे नाहीत. दर मंगळवारी तुम्ही सगळ्या घरी गेलात की सभागृहाची किल्ली माझ्याकडेच असायची. तुझी ओळ उसवायची, पुन्हा घालायची. मला वाकडं बघवत नाही गं... तुझा हात अजून बसलेला नाही. व्यायाम सोडू नकोस."