चुकलं की ती बोलते

सगळं हॉस्पिटल मला मावशी म्हणतं. डॉक्टर म्हणतात, पेशंट म्हणतात, परवा एक आजोबा, वयानं माझ्या वडिलांसारखे, तेसुद्धा म्हणाले, "मावशी, जरा उशी सरकवा." सरकवली. काय करणार! मला आई म्हणणारी जगात एकच, आणि ती दूरच्या शहरात एका कंपनीत बसून आकडे बघते.

ती कंपनी शिकवण्याचं ॲप बनवते. कोण किती शिकलं, कुठे अडलं, कुठे कंटाळून पळालं, हे सगळं म्हणे आकड्यांत उतरतं. त्यातून माझी लेक शोधून काढते, कुठला धडा सोपा करायचा, कुठला अवघड. हे तिनं मला एकदाच समजावलं, तेही कपडे वाळत घालता घालता, फोन खांद्यात धरून. तिचा फोन दर रविवारी येतो, त्यात खोट नाही. पण सुरुवातच होते, "आई, बोल पटकन." आता पटकन काय बोलायचं, तुम्हीच सांगा. मी म्हणते बरी आहे, ती म्हणते गोळ्या घेतेस ना, मी म्हणते घेते, की तिची दारावरची बेल वाजते नाहीतर दुसरा फोन येतो. संपला रविवार.

तर तेच ॲप आमच्या हॉस्पिटलात आलं. मावश्यांनी धडे पुरे करायचे, परीक्षा द्यायची, आणि पास होतील त्यांना वॉर्डात मदतनीस करणार. ताप मोजायचा, नाडी बघायची, पेशंट किती पाणी प्यायला ते लिहून ठेवायचं. फरशी पुसणं सुटणार. सिस्टरनी टॅबलेट वाटले आणि म्हणाल्या, "घाबरू नका गं, चुकलं तर ते स्वतःच समजावून सांगतं."

मी कशाला घाबरतेय? वॉर्डात जन्म गेला माझा. नर्स हाताशी नसली की ताप बघायला मला हाक मारतात. पण पहिल्याच धड्यात बोट घसरलं, भलत्याच आकड्यावर पडलं, आणि आतून माझी लेक बोलली.

"काही हरकत नाही. सावकाश, पुन्हा एकदा बघू या."

टॅबलेट हातातून पडायचाच बाकी होता. रविवारी विचारलं तर हसायला लागली. "अगं हो, सुरुवातीला बाहेरचं कुणी परवडत नव्हतं. ऑफिसातल्या सगळ्यांचे आवाज घेतले, त्यांत माझा पसंत पडला. तुमच्याकडे पोचलं का ते? अरे वा. आई, ठेवू?"

ठेव म्हटलं.

उत्तर बरोबर आलं की टॅबलेट नुसता टिंग करतो. चुकलं की ती बोलते. दुसऱ्यांदा चुकलं की जास्त बोलते. तिसऱ्यांदा चुकलं की म्हणते, "चला, आपण मिळून पहिल्यापासून करू," आणि मग थर्मामीटर कसा धरायचा इथपासून सगळं सांगते, एका लयीत, न चिडता.

आधी मला रागच आला, खोटं कशाला बोलू? एवढी सबुरी हिच्याकडे होती तर मग माझ्या वाटणीची कुठे गेली? कोण कुठले लोक, त्यांना सावकाश, आणि आईला पटकन! दोन दिवस मी टॅबलेटला हात लावला नाही. मग राग निवला आणि नुसती ओढ उरली. त्या ताप मोजायच्या धड्यात ती सदतीस म्हणायच्या आधी एक छोटा श्वास घेते. शाळेत कविता म्हणायला उभी राहिली की अस्साच घ्यायची, आणि मी मागच्या बाकावर बसून तिच्याबरोबर श्वास घ्यायची. तो एक श्वास ऐकायला मी दुपारच्या सुट्टीत चादरींच्या खोलीत जाऊन बसायला लागले. दार लोटायचं, गठ्ठ्यावर बूड टेकायचं आणि चुकायचं. मुद्दाम. सगळं ऐकून झालं की परत चुकायचं. डबा तसाच राहायचा. भूक लागली होती ती वेगळीच.

माझ्याबरोबर एक जण काम करते, अंगानं काडी आणि जिभेनं जहाल. आम्ही तिला मिरची म्हणतो. तिची कंबर पार गेलीय. फरशी पुसून उठताना भिंत धरते आणि भिंतीलाच शिव्या घालते. ती या परीक्षेसाठी हात धुऊन मागे लागली होती. तिला अक्षर अक्षर जुळवत वाचावं लागायचं, पण प्रत्येक उत्तर बरोबर आल्याशिवाय पुढे जायची नाही. एकदा तिनं मला पकडलं.

"अगं, ही काय तऱ्हा तुझी? सकाळी पंधरा नंबरच्या पोराचा ताप तूच सांगितलास ना? आणि इथे येत नाही?"

"वय झालं गं."

"वय माझंही झालंय. डोकं नाही गेलं माझं." आणि तिनं माझ्या हातातून टॅबलेट घेऊन बरोबर उत्तर दाबलं. टिंग झालं. मला तिचा इतका राग आला, इतका, की दिवसभर मी तिच्याशी बोलले नाही.

मग एक दिवस सिस्टरनी आम्हा वयस्क मावश्यांना तेवढं बोलावलं. त्यांचंच तोंड उतरलेलं.

"कंपनीकडून कळवलंय. पन्नाशीच्या पुढच्या गटाला हा अभ्यास झेपत नाही असं निघतंय. तुम्ही यंदा परीक्षेला बसायचं नाही. तुमच्यासाठी सोपे धडे पाठवलेत."

सोपे धडे म्हणजे काय, तर लाल गोळी कुठली आणि निळी कुठली.

"माझं एकसुद्धा उत्तर चुकलेलं नाही, सिस्टर!" मिरची ओरडलीच.

"मला दिसतंय गं. पण ते एकेकीचं बघत नाहीत, गटाचं बघतात. अभ्यास नवा, तुमच्या वयाच्या बायका मोजक्याच, आणि त्या ताप मोजायच्या धड्यात चुकांचा नुसता डोंगर झालाय म्हणे."

तो डोंगर मी एकटीनं रचला होता, चादरींच्या खोलीत बसून, आवडीनं.

मिरची रडली असती तर बरं झालं असतं. ती उलट्या बादलीवर बसली आणि म्हणाली, "मी ढ आहे असं यंत्राला वाटतंय तर वाटू दे. पण या कंबरेला काय सांगू? वर्षभर पुसवणार नाही गं माझ्याच्यानं. घरी बसावं लागेल."

मी तडक चादरींच्या खोलीत गेले आणि लेकीला फोन लावला. कामाच्या वेळेला मी कधीच करत नाही.

"आई? काय झालं? बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय! तुझ्या त्या आकड्यांत एक बाई आहे बघ. ताप मोजायच्या धड्यात रोज चुकते."

"तुला कसं माहीत?"

"चुकते, सगळं ऐकून घेते, आणि परत चुकते."

"आई..."

"मीच आहे ती."

तिकडे कुणीतरी तिला हाक मारली. तिनं नुसतं "थांबा" म्हटलं, आणि दार लावल्याचा आवाज आला.

"पण का? तुला येतं ते! कपाळाला हात लावून सांगायचीस तू मला."

"तुझा आवाज ऐकायला गं. चुकलं की तू बोलतेस."

ती म्हणाली, "मग फोन करायचास मला."

"फोनवर तू असतेस कुठे?"

बोलून गेले आणि जीभ चावली. पण खरं होतं ते. मग मीच विषय बदलला, मिरचीची कंबर सांगितली, लाल गोळी निळी गोळी सांगितलं. ती एकदम कामावर आली.

"तुझं सगळं हिशेबातून बाहेर काढलं की बाकीच्या बसू शकतील परीक्षेला. पण मग तुझं खातं बंद होईल, आई. तुला यंदा परीक्षा नाही. धडेही जातील."

"आणि तुझा आवाज?"

"तोही जाईल."

"काढ," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता. मला विचार करायला वेळ दिलास तर मी नाही म्हणेन."

बटणांची टकटक ऐकू आली. मिरची पुढे पास झाली आणि आता वॉर्डात माझ्यावरच हुकूम सोडते, ते असो. टकटक मध्येच थांबली.

"काय गं?"

"ही बाई मला माहीत आहे," तिचा आवाज अगदी लहान झाला. "रोज सकाळी आल्या आल्या मी आधी हिलाच बघायचे. लोक दोनदा चुकले की सोडून देतात. ही रोज हरायची आणि रोज यायची. मला इतकी माया वाटायची तिची. मीच सगळ्यांना सांगितलं, धडे सोपे करा, थकत असेल बिचारी."

"मग विचारायचं नाहीस का, कोण आहे म्हणून?"

"आम्हाला नाव दिसत नाही, आई. नुसता नंबर दिसतो."

इतके दिवस मी इथे तिचा श्वास ऐकत होते आणि ती तिथे माझ्याकडेच बघत होती, आणि दोघींनाही पत्ता नव्हता.

"काढ आता," मी म्हटलं. "मिरची बादलीवर बसलीय."

तिनं काढलं. माझ्या मांडीवरच्या टॅबलेटवरून आधी माझं नाव गेलं, मग धडे गेले. फोन मात्र तिनं ठेवला नाही. ती रडत होती, अगदी मोकळ्या गळ्यानं, आणि मी गठ्ठ्यावर बसून ऐकत होते.