सुकली का?

हर्षाली तळोज्याच्या ज्या कंपनीत कामाला होती, तिथे जखमेवर बसवायचं जाळं तयार होई. द्रावण सुईतून सोडायचं, विजेच्या जोरावर त्याचा केसाहून कितीतरी बारीक धागा ओढायचा आणि धाग्यावर धागा बसवून सायीसारखा पातळ पडदा करायचा. नवं मांस त्या जाळ्याला धरून वाढतं आणि जाळं अंगातच विरून जातं. सारसोळ्याच्या कोळ्याच्या पोरीनं नोकरीतही जाळीच विणावीत, म्हणून घरात तिची भरपूर थट्टा झाली होती.

तिचे बाबा दिनानाथ खाडीत उतरले असताना कालवाच्या शिंपेनं त्यांचा तळपाय चिरला. साखरेचं दुखणं जुनं, त्यामुळे जखम चिघळत गेली आणि डॉक्टर पाय कापायची भाषा बोलू लागले. पाय गेला की होडी गेली आणि होडी गेली की बाबा संपले, हे हर्षालीला कुणी सांगायला नको होतं. तिनं हातापाया पडून इस्पितळातल्या नव्या उपचाराच्या चाचणीत त्यांचं नाव घालून घेतलं. तिच्याच कंपनीचं जाळं पायावर बसलं. थोड्याच दिवसांत कडेनं लालबुंद मांस भरू लागलं, तेव्हा ती सगळ्यांसमोर रडली.

नर्सनं बजावलं होतं, पट्टी सोडायची नाही, आत ओल राहिली पाहिजे. हर्षालीला तर हे पाठच होतं. पण करंजाड्याला सासरी राहणारी लेक फोनवर आईला, बयाबाईंना, रोज काय विचारणार? "आये, जखम सुकली का?" आपल्या भाषेत जखम बरी होत नाही, सुकते. त्याला कोण काय करणार?

बयाबाईंनी लेकीचा शब्द झेलला. नर्स बोलूनचालून परकी. जाळं बनवणारी पोर रोज सुकली का विचारते, म्हणजे सुकायलाच हवी. ओलं ते नासतं आणि सुकं ते टिकतं, हे त्या बोंबील वाळवता वाळवता शिकल्या होत्या. दुपारी पट्टी सोडून त्यांनी नवऱ्याचा पाय उन्हात धरला, वर हळद दाबली. त्या पायाला दुखलेलंही कळत नव्हतं. जाळं पापडासारखं कडक झालं आणि कोवळं मांस घेऊनच निघालं. खाली पू धरला.

आता घोट्याच्या वरून कापावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. बयाबाई चक्रावल्या.

"तूच रोज इचारायचीस ना गो, सुकली का म्हनून? मी सुकवली."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. कुठे चुकलं, तेवढंच त्यांना कळून घ्यायचं होतं. हर्षालीनं खरं सांगितलं असतं, तर आई जन्मभर स्वतःला खात बसली असती.

"जाळंच खराब निघालं, आये," ती म्हणाली. "आमच्याकडूनच चुकलं."

दिनानाथ खाटेवरून ऐकत होते. त्यांनी लेकीचा हात हातात घेतला.

"मंग बाय, दुसऱ्या कुनाला तसलं जालं लावू नका."

नाही लावणार, असं तिनं कबूल केलं.