दोघांचं वजन

दचकू नका, इकडे खुंटीकडे बघा. हा नारिंगी, जागोजागी काळवंडलेला पट्टा लटकतोय ना, तोच मी. खांबावर चढणारी माणसं मला अंगात घालतात. दोन फास मांड्यांना, दोन खांद्यांवरून, एक कमरेला, छातीपाशी लोखंडी कडी आणि खांबाला अडकवायला पाठीमागून येणाऱ्या दोऱ्यांवर दोन आकडे. तुम्ही घाबरू नका. घाबरायचं काम माझं, जन्मल्यापासून मी तेच करत आलोय.

कारखान्यात माझी शिवण पुरी झाली त्याच दिवशी माझ्या शेजारच्या पट्ट्याला यंत्राला बांधून तुटेपर्यंत ओढलं. किती वजन पेलतो ते पाहायचं होतं. तो तुटला आणि कामगारांनी समाधानाने माना हलवल्या. बाकीच्या आम्हाला पेटीत भरलं.

पेटी उघडली ती कुसंतीना शहरात, दूरसंचाराच्या प्रशिक्षण केंद्रात. केंद्राचं अंगण अगदी दरीच्या काठावर. अंगणात नुसतेच खांब रोवलेले. त्यांवर ना घराला जाणारी तार, ना दिवा. शिकायला येणाऱ्यांनी चढायचं, उतरायचं आणि परत चढायचं. वर गेलं की खाली अंगण दिसायचं नाही, दरीच दिसायची. मला तर भिंतीवर टांगलेलं असतानाही ती दिसायची.

शिकवणारे होते उस्ताद लखदर. बुटके, घोगऱ्या आवाजाचे, खिशात कायम खजूर. वर्षानुवर्षं तारांवर काम करून मग शिकवायला आलेले. त्यांनी मला उचललं, एकेका शिवणीवरून अंगठा फिरवला आणि एका मुलीच्या हातात दिलं.

"झुलीखा, हा तुझा. याला रोज असंच बघायचं. नवरा निवडताना बघशील त्याहून जास्त निरखून."

पोरं हसली. झुलीखा हसली नाही. तिने मला अंगात चढवलं आणि तिचं काळीज माझ्या कडीवर धडाधडा आपटू लागलं. मला वाटलं, चला, जगात आपल्यासारखंच कोणीतरी आहे.

पहिल्याच दिवशी ती निम्म्या खांबावर थिजली. वर जाईना, खाली येईना. खालून कोणीतरी ओरडलं, "अगं, जेवण पाठवू का वर? आज मुक्काम दिसतोय!"

"गप रे," उस्ताद म्हणाले. "ज्याला भीती वाटत नाही त्याला मी वर पाठवतच नाही. झुलीखा, भीती वाटतेय?"

"हो, उस्ताद."

"कुठे वाटतेय?"

तिने जरा वेळाने सांगितलं, "पोटात."

"मग राहू दे तिथेच. हातात येऊ देऊ नकोस. आता हात काय करतायत ते मला सांग."

"एक आकडा काढतेय. खांबाच्या वरच्या खुंटीला लावतेय. लागला. आता दुसरा काढतेय."

अशी बोलत बोलत ती वर पोचली. तिथे टोकावर तिने डोळे मिटून घेतले. मी मिटू शकलो नाही, मला डोळे नाहीत.

महिने गेले. तार ओढणं, काचेचे केसाएवढे बारीक तंतू जोडणं, बिघाड शोधणं ती शिकली. पण सगळ्यांना नकोसा वाटायचा तो सुटकेचा सराव. वाळू भरलेला एक बाहुला खांबावर लटकवायचे. पोरं त्याला मामा म्हणायची. मामाला विजेचा झटका बसलाय, त्याला खाली आणायचं. उस्तादांनी शिट्टी वाजवली की जो आधी धावेल तो नापास.

"आधी हात खिशात," उस्ताद सांगायचे. "मग डोळे. बघा, तार जिवंत आहे का. वीज बंद करून घ्या, तपासून घ्या. पाय सगळ्यात शेवटी."

एकदा एकाने विचारलं, "उस्ताद, माणूस मरतोय आणि आम्ही खिशात हात घालून उभे? लोक धरून मारतील आम्हाला."

"मारू देत की! जिवंत राहिलात तरच मार खाल ना?"

त्यावरही पोरं हसली. झुलीखाच्या अंगावर मात्र काटा आला. तो मला कापडातून लागला.

शिक्षण संपलं. दाखला मिळाला आणि एका ठेकेदाराकडे कामही. बुझीद त्याचं नाव. मीला शहराच्या बाजूच्या डोंगराळ गावांतून नवी केबल टाकायचं काम त्याने घेतलं होतं. निघताना केंद्राने मला झुलीखाबरोबरच पाठवलं.

तिचा जोडीदार नदीर, चाळिशीतला. तो कुठल्या केंद्रात गेलेला नव्हता. मेहुण्याच्या हाताखाली राहून काम शिकला होता. काम मात्र झकास. खांबावर मांजरासारखा चढायचा. कमरेला एक जुना चामडी पट्टा, तोही वर पोचल्यावर लावायचा. झुलीखा चढण्याआधी खांब ठोकून बघायची, मला उलटंपालटं करायची, तेवढ्यात हा वर जाऊन सिगारेट पेटवायचा.

"काय गं, खांबाशी लग्न लावतेयस का? अजून किती न्याहाळणार?"

"तुझं आवर, नदीरभाई. राख डोक्यावर पडतेय माझ्या."

"केंद्रात राखेपासून वाचायला शिकवत नाहीत वाटतं!"

पण माणूस मायेचा. बायकोने दिलेली भाकरी आणि ऑलिव्ह तिच्यापुढे सरकवल्याशिवाय स्वतः खायचा नाही. खांबावर करकोच्याचं घरटं असलं की घरट्याला धक्का न लावता तार कशी काढायची, ते त्यानेच तिला दाखवलं. तो वर असला की मी मात्र त्याच्या त्या चामडी पट्ट्याकडे बघत राहायचो. बकलापाशी त्याला भेग गेली होती. ओरडून सांगावंसं वाटे. झुलीखाने सांगितलंही. "चामडं आहे, जितकं जुनं तितकं मऊ," म्हणून त्याने तिला उडवून लावलं.

वसंताचे दिवस होते. वारा सुटला होता. एका गावाच्या चौकात नदीर सिमेंटच्या खांबावर चढला. त्या खांबावर आमची केबल खाली आणि विजेची उघडी तार वर. नदीरने केबल खांद्यावरून ओढली, वाऱ्याने ती हेलकावली, तिला सावरायला त्याचा हात वर, विजेच्या तारेपाशी गेला. काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला. नदीर मागे कलंडला आणि त्या चामडी पट्ट्यावर लोंबकळत राहिला. मान खाली, एक हात तारेच्या अगदी जवळ.

चौक क्षणात भरला. चहाच्या दुकानातले, मशिदीतले, दारातल्या बायका, सगळे खांबाखाली. झुलीखा केबलचं रीळ धरून उभी होती. तिने रीळ खाली ठेवलं आणि दोन्ही हात खिशात घातले.

तिच्या काळजाने माझ्या कडीवर जसं आपटणं सुरू केलं, तसं त्या पहिल्या दिवशीही नव्हतं. ती वर बघत होती. मग तिने फोन काढून विजेच्या कचेरीला लावला. गावाचं नाव, खांबाची जागा, सगळं सावकाश सांगितलं. "ही लाईन बंद करा. माणूस लटकलाय. बंद झाली की मला सांगा. तुम्ही सांगितल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"माणूस मरतोय आणि ही फोनवर गप्पा मारतेय!" एक म्हातारा ओरडला.

"चढ की, बाई! एवढं सगळं अंगावर बांधलंयस ते कशाला?"

"घाबरलीय ती. बायकांना हे काम देतातच कशाला?"

तेवढ्यात कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार शिडी घेऊन धावत आला. चांगल्या मनाचा, धिप्पाड माणूस. शिडी लोखंडी होती. त्याने ती खांबाला टेकवायला उचलली आणि झुलीखाने तिला जिवाच्या आकांताने लाथ मारली. शिडी दगडांवर खणखणत पडली.

"वेडी झालीस का?" दुकानदार तिच्या अंगावर धावून आला.

"तार जिवंत आहे!" ती किंचाळली. "शिडी वर टेकली तर तुम्हीही जाल, शिडी धरणाराही जाईल. मागे व्हा! सगळे मागे व्हा!"

कोणीतरी तिचा खांदा धरून तिला ढकललं. एका बाईने तिला शिव्या दिल्या. ती खांबाशी पाठ लावून उभी राहिली आणि कोणालाही जवळ येऊ दिलं नाही. रडत होती. रडतच फोन कानाला लावून होती. वर नदीर हलत नव्हता. मी तिच्या अंगावर होतो आणि मला एकच वाटत होतं, पळून जाऊया. पळ बाई, मला घेऊन पळ इथून.

"बंद केली," पलीकडून आवाज आला.

तिने लांब दांडीवरचा तपासणीचा दिवा काढला आणि तारेला लावला. तो पेटला नाही. खात्रीसाठी परत लावला. मगच ती चढली. एक आकडा, दुसरा आकडा, एक आकडा, दुसरा आकडा. तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं दुवा असेल. ती स्वतःलाच सांगत होती, हात काय करतायत ते.

वर पोचली. नदीर श्वास घेत होता, पण ओठ निळे. तिने आधी एक आखूड पट्टी त्याच्या काखांखालून घालून त्याला माझ्या कडीशी जोडलं. मग ती वर दोर आणि कप्पी बांधायला लागली आणि तेवढ्यात नदीरचं ते चामडं बकलापाशी तुटलं.

दोघांचं वजन एकदम माझ्यावर आलं. माझ्या पाठीशी, आकड्यांच्या दोऱ्या जिथे जोडतात तिथे, एक पट्टी घडी घालून शिवलेली असते. तिची शिवण मुद्दाम अशी घातलेली असते की झटका बसला की ती उसवत जाते आणि माणसाच्या कण्याला बसणारा हिसका स्वतःवर घेते. ती टर्रकन उसवली. मला कारखान्यातलं ते यंत्र आठवलं. आता मी जाणार, आणि ही दोघं माझ्याबरोबर. खालून बायकांची किंकाळी आली. मग उसवणं थांबलं. मी धरलं होतं.

झुलीखा खांबाला कवटाळून क्षणभर तशीच राहिली. मग तिने गाठ पुरी केली, कप्पीने त्याचं वजन दोरावर घेतलं आणि त्याला हळूहळू खाली सोडलं. हात पसरून त्याला झेलायला उभा होता तो किराणा दुकानदार.

नदीर वाचला. उजव्या हाताची दोन बोटं गेली. झुलीखा त्याला भेटायला इस्पितळात गेली तेव्हा मी तिच्या पिशवीत होतो. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"गावातले लोक येऊन गेले," तो म्हणाला. "मी वर लटकलो होतो आणि तू म्हणे खाली उभी होतीस."

"हो."

"तुझ्या जागी मी असतो तर तसाच चढलो असतो."

"माहीत आहे, नदीरभाई. मग आपल्या दोघांना खाली आणायला तिसरं कोणीतरी लागलं असतं."

तो बँडेजकडे बघत राहिला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "लोक शिव्या देत असताना उभं राहायचं, हे कसं शिकवतात गं?"

तिने फक्त त्याची उशी नीट केली.

तिथून बाहेर पडल्यावर उस्ताद लखदरांचा फोन आला. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. "केंद्रात ये," ते म्हणाले. "मामाला आता मी नाही लटकवणार, तू लटकवायचं. पोरांना तू सांगितलेलं पटेल."

"उस्ताद, मला अजून झोपेत तो फुटल्याचा आवाज येतो."

"म्हणूनच म्हणतोय."

ती विचार करून सांगते म्हणाली.

आणि आता माझं. ज्या पट्ट्याने एकदा पडता माणूस धरला त्याला परत कोणाच्या अंगावर चढवायचं नसतं. उसवलेलं दिसतं ते थोडं. आतले किती धागे तुटलेत ते मलाही सांगता येत नाही. झुलीखाने बुझीदला हे सांगितलं.

"चार टाके उसवलेत, मोच्याकडून घालून घेऊ," बुझीद म्हणाला. "नवा माणूस घेतलाय मी. त्याला होईल. माझी गाडी पाठवतो, पट्टा देऊन टाक."

"नाही देणार."

"मग तू कामावरही येऊ नकोस."

आज दुपारी ती मला घरी घेऊन आली आणि या खुंटीला लावलं. परत कोणी घालू नये म्हणून स्वयंपाकघरातल्या सुरीने मला कापून पाहिलं, पण सुरी चालली नाही. मी घट्ट विणलेला आहे, सहज कापला जात नाही. म्हणून ती शेजारच्या गादीवाल्याची मोठी कात्री आणायला गेलीय. खाली रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला. कोणीतरी जिना चढतंय, ती की बुझीदचा माणूस, कळत नाही.

आजवर पडण्याची भीती वाटायची. आता वाटते ती वेगळीच. माझ्यावर टाके पडतील, मी बाहेरून धडका दिसेन, आणि कोणीतरी अनोळखी माणूस माझ्यावर विश्वास टाकून मागे रेलेल.

तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. दारापुढच्या खांबावर कोणी चढलेलं दिसलं तर खालून त्याला लवकर आटप म्हणू नका. त्याला त्याचा वेळ घेऊ द्या.

दार उघडलं. झुलीखाच आहे, धापा टाकतेय, हातात कात्री. जिन्यात तिच्या मागे अजून पावलं वाजतायत. तिने दाराला कडी लावली आणि मला खुंटीवरून काढलं. मांडीचा एक फास गेला. दुसरा गेला. कोणीतरी दार ठोठावतंय. बाई, थांबू नकोस. खांद्याचे राहिलेत.