गोजरबाईची नजर

छावणीच्या वाटेवरची साठ फुटी भिंत तनुजाला रंगवायला मिळाली, तेव्हा तिच्यावर आधीच बरेच हक्कदार बसलेले होते. वाढदिवसाचे फ्लेक्सवाले, क्लासची पत्रकं चिकटवणारे, आणि सगळ्यांत जुना हक्क भिंतीकडं तोंड करून उभं राहणाऱ्यांचा. तनुजानं पंधरा दिवस उन्हात खपून त्या भिंतीवर तिच्या पाचोडच्या आजोबांचा कळप उतरवला. खांद्यावर घोंगडी टाकलेले आजोबा, पुढं बोकड, मागं कुत्रं आणि मधे दोनशे सात मेंढरं. एक दुसऱ्यासारखं नाही. लोकांनी माना डोलावल्या, फोटो काढले. चौथ्या दिवशी बोकडाच्या पायाशी ओल दिसली. सातव्या दिवशी बोकड नदी ओलांडतोय असं वाटायला लागलं.

सोमवारी शहर सुशोभीकरणाचं काम बघणारे सुदर्शन साहेब नाकाला रुमाल लावून आले. माणूस वाईट नव्हता. फक्त कुठलाही प्रश्न जेवणाच्या सुट्टीआधी सुटलेला त्यांना आवडायचा.

"मॅडम, सोपं आहे. खाली देवांच्या टाईल्स लावा. सगळ्या धर्मांच्या घ्या, म्हणजे कुणाची तक्रार नको."

"देवाला मुतारीवर वॉचमन बसवायचं, साहेब?"

"सगळं शहर बसवतं."

"मग सगळं शहर कोरडं झालं का?"

साहेबांनी रुमालाची घडी केली. "आठ दिवस देतो. पुढच्या सोमवारी भिंत कोरडी दिसली तर तुमची. नाही तर जाहिरातवाला लोखंडी फ्रेम घेऊन बसलाच आहे. मेंढरं जातील फ्रेमच्या मागं."

समोर काकासाहेबांची चहाची टपरी होती. मंगळवार आणि बुधवार तनुजा तिथं वही घेऊन बसली. चित्र काढायला नाही, मोजायला. येईल त्याची एक उभी रेघ, पाचव्याची आडवी.

"ताई, एवढं काय लिहून ऱ्हायल्या?" काकासाहेबांनी विचारलं.

"गिऱ्हाइकं."

"माझी?"

"भिंतीची. बरीचशी दोघांचीही आहेत. चहा तुमच्याकडं घेतात आणि माझ्याकडं रिकामा करतात."

काकासाहेबांनी लगेच किटली घासायला घेतली.

दोन दिवसांच्या एकूण रेघा एकावन्न. सकाळपासून एक वाजेपर्यंत फक्त चार. तीननंतर चौदा, त्याही पार पलीकडच्या टोकाला. आणि एक ते तीनच्या मधे तेहतीस.

"एक ते तीन इथं असतं तरी काय?" तनुजानं विचारलं.

"काय असतं ते नका बघू, ताई. काय नसतं ते बघा. गोजरबाई जेवायला घरी जाती."

गोजरबाई म्हणजे भिंतीच्या कोपऱ्यावर लिंबाखाली बावीस वर्षं भाजी विकणारी बाई. तिनं कधी कुणाला हटकलं नव्हतं, शिवी दिली नव्हती. ती नुसती बघायची. देवापुढं न लाजणारी माणसं तिच्यापुढं पँट सावरून पुढं सरकत.

तनुजा उठून थेट तिच्यापुढं जाऊन बसली. "मावशी, तुमचं चित्र काढू का भिंतीवर?"

"काहून? मी मेले का काय? जित्या माणसाचं चित्र भिंतीला लावत नसत्यात, माय."

"पुढाऱ्यांची लावतात की."

"त्यायचं सोड. ते जिते असून काय उपेग?" गोजरबाईनं मिरच्यांवर पाणी शिंपडलं. "बरं, काढ. पण तराजू दाव. मापात म्या कधी पाप केलं नाय."

गुरुवारी तनुजानं भिंत घासून धुतली आणि बोकडाच्या पायाशी, जिथं सगळ्यांत जास्त ओल यायची तिथंच, माणसाहून मोठी गोजरबाई बसवली. हातात तराजू, कपाळावर ठसठशीत कुंकू, चेहऱ्यावर गोड हसू. शुक्रवारी बायाबापड्यांनी तिच्यासोबत सेल्फी काढले. दुपारी एक जण आला, त्यानं आधाराला चित्रातल्या गोजरबाईच्या खांद्यावर हात टेकला आणि निवांत काम उरकलं. त्या दुपारी वहीत सोळा रेघा पडल्या.

जेवून परतलेली गोजरबाई पहिल्यांदाच चित्रापुढं कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "ही कोण बाई हाय?"

"तुम्हीच."

"म्या गिऱ्हाइकापुढं अशी दात काढून बसते व्हय?"

तनुजानं चित्राकडं पुन्हा पाहिलं. माणूस चांगलं दिसावं म्हणून तिनं सवयीनं हसवलं होतं. लग्नाच्या बोर्डापासून शाळेच्या भिंतीपर्यंत तिनं आजवर सगळ्यांना हसवलंच होतं.

"मावशी, जरा रागानं बघा ना."

गोजरबाईनं भुवया ताणल्या, गाल फुगवले आणि पदर तोंडाला लावून खदखदून हसत सुटली. सांगून होणारी ती गोष्ट नव्हती.

शनिवारी भर गर्दीत तनुजा गिऱ्हाईक होऊन उभी राहिली. मेथीची जुडी उचलली. "शिळी दिसतेय." दुसरी उचलली. "हीपण." मग ऐन एप्रिलात, कोथिंबीर डोळ्यांना दिसेना अशा दिवसांत, मोठ्यानं म्हणाली, "आणि कोथिंबीर टाका वरून. फुकट."

गोजरबाईनं मान वर केली. नुसतं बघितलं. तनुजाच्या हातातली जुडी आपोआप खाली गेली. सातवीत पकडलेली कॉपी, आईला मारलेल्या थापा, सगळं तिला एकदम आठवलं.

"मिळालं!" ती ओरडली आणि भिंतीकडं पळाली.

"अगं, जुडी तं ने!"

संध्याकाळपर्यंत हसू गेलं, ओठ मिटले, भुवई किंचित चढली. ट्रकमागं वाघ रंगवणाऱ्या तिच्या आप्पांनी शिकवलं होतं, बाहुली डोळ्याच्या मधोमध ठेव, मग माणूस हलला तरी नजर त्याच्या मागं येते. तनुजानं बाहुल्या मधोमध ठेवल्या.

रविवारी एक ते तीन. नऊ जण आले, नऊ परत गेले. एक तर "चुकलो मावशी" म्हणाला. वहीत रेघ एकही नाही.

सोमवारी साहेब आले. मागून जाहिरातवाला टेप घेऊन. साहेबांनी भिंतीवर हात फिरवला, वास घेतला. "कोरडी आहे. पण मॅडम, बाई जरा हसरी करता नाही येणार? बाहेरचे पाहुणे येतात. स्वागत वाटलं पाहिजे."

"हसरी करून झाली, साहेब. हा शुक्रवार." तिनं वही पुढं केली. "सोळा. आणि हा रविवार. आता हिच्या ओठाला मी हात लावणार नाही. भिंत घ्यायची तर अशी घ्या."

साहेब काही बोलणार, तेवढ्यात त्यांची नजर लिंबाखाली गेली. तिथून खरी गोजरबाई बघत होती.

"काय पाह्यजे, साहेब?"

"मेथी," साहेब म्हणाले. "दोन जुड्या."

भाव विचारला नाही. कोथिंबीर मागितली नाही. जाहिरातवाल्यानं टेप गुंडाळून खिशात टाकली.

मेथी काखेत धरून साहेब परत आले. "स्टँडच्या मागं एक भिंत आहे. तिथंपण हीच बाई काढा."

"तिथं हिला कोण ओळखतं? तिथलं माणूस तिथंच शोधावं लागेल." तनुजानं वहीचं कोरं पान काढलं. "दोन दिवस बसायला सावली बघून द्या. आधी मोजते."