मेलेल्या फायची थट्टा

सेनेगलमधल्या थियेसच्या माळावर खंदक खणून दिग्दर्शक कुंबाताईंनी सिनेमासाठी एकोणीसशे चाळीस सालचा फ्रान्स उभा केला होता आणि मी त्यात फ्रेंच फौजेतला सेनेगाली शिपाई होतो! बटणं, पट्टे, बंदुका, सगळं ताईंनी संग्रहालयात जाऊन ताडून घेतलेलं. आजोबांच्या पलटणीचा तो गणवेश अंगावर चढला आणि मी आपोआप ताठ उभा राहिलो.

प्रसंग असा, की दोस्त गोळी लागून मेलाय आणि मी शेजारी बसून मुकाट रडायचं. मुकाट? मी बाडजी, जमातीनं जोला. मेलेल्याचं काम करणारा फाय, सेरेर. आमच्या दोन जमातींत पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचं नातं. एकमेकांना गुलाम म्हणायचं आणि मयतालासुद्धा सोडायचं नाही. आजोबांनी लढाईत मेलेल्या आपल्या सेरेर दोस्ताला असाच निरोप दिला होता. ‘त्याला मी शिव्या घातल्या,’ एवढं सांगून ते गप्प व्हायचे. बटणं खरी आणि माणसं खोटी, हे मला काही सहन होईना.

कॅमेरा सुरू झाला आणि मीही सुरू झालो. "ऊठ रे भातखाऊ! खड्डे खणायचा कंटाळा, म्हणून मेलास होय?"

"गुलामा, मालकाशी नीट बोल!" प्रेत म्हणालं.

अख्खी पलटण हसून लोळली.

"कट!" ताई कडाडल्या. "बाडजी, शहिदाची चेष्टा करतोस? बाहेरचे लोक काय म्हणतील?"

"ताई, तुमच्या आजोबांच्या मयताला थट्टा करणारं कुणीच आलं नव्हतं?"

ताई खंदकाच्या काठावर बसल्या. "त्यांचे थट्टेच्या नात्यातले आतेभाऊ आले होते. आजोबांच्या चपला घालून त्यांच्यासारखे खोकत अंगणभर फिरले. आई हसता हसता रडली."

ऊन उतरत आलं होतं. "एकदाच घेऊ," ताई म्हणाल्या. "बोल तुझं. आणि फाय, तू आता मेलाच पाहिजेस हं!"

मी गुडघे टेकले. काय काय शिव्या सुचल्या म्हणून सांगू! आळशी, भातखाऊ, माझ्या आजीचा पळालेला गुलाम! आणि सवयीने उत्तरासाठी थांबलो.

फाय निपचित पडून होता.

"अरे, बोल की," मी म्हणालो. त्याचा खांदा हलवला. "बोल ना रे."

नाटक आहे हे ठाऊक असूनही मला रडू फुटलं, मोठ्यानं, आवरेना. ताई कट म्हणायला विसरल्या. आजोबा दर वेळी इथेच का गप्प व्हायचे, ते मला त्या खंदकात कळलं.