मी खाल्लेले अभिप्राय

"अभिप्राय पेन्सिलीनेच लिहावा. का, ते विचारू नये."

यातलं दुसरं वाक्य कुठेही लिहिलेलं नाही, पण आमच्या वाचनालयात ते सगळ्यांना पाठ आहे. पहिलं मात्र अभिप्राय वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईत आहे, खाली दोन रेघा ओढून. त्या वहीशेजारी पत्र्याच्या डबीत एक मळका, एका बाजूने झिजलेला तुकडा दिसतो ना, तो मी. या वाचनालयाचा खोडरबर. मला बोलायची सवय नाही, जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं पुसत आलोय. पण आज राहवत नाही.

कारखान्यात एका लांबलचक पट्टीतून आम्ही वीस भावंडं कापली गेलो. पांढरीशुभ्र, कडा कोऱ्या, अंगाला गोडसर वास आणि प्रत्येकाला निळा कागदी सदरा. दुकानातल्या डब्यात आम्ही गप्पा मारायचो. कुणाला चित्रकाराकडे जायचं होतं, कुणाला गणिताच्या वहीत. मला हेडमास्तरांनी उचललं. दुकानदाराला म्हणाले, "फार मऊ नको. काम करणारा द्या."

हेडमास्तर म्हणजे वाचनालयाचे सचिव. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली, पण समोर कुणी उभं राहिलं की अजून त्याची नखं बघतात. दर शनिवारी संध्याकाळी ते वही उघडतात, वाचकांचे अभिप्राय तपासतात, नको ते मला खायला घालतात आणि उरलेलं शाईने गिरवतात. याला ते संपादन म्हणतात.

इथे साडेचार हजार पुस्तकं आहेत. ती वाचून लोकांना खरं काय वाटलं, ते मात्र फक्त माझ्या पोटात आहे.

आमच्या अध्यक्षांचंच घ्या. ते डॉक्टर आहेत आणि कविताही करतात. त्यांच्या संग्रहाबद्दल एका नर्सबाईंनी लिहिलं होतं, "वाचताना झोप छान लागली." मी तीन शब्द खाल्ले. "छान" उरलं. डॉक्टरांनी ते पान घरी नेऊन बायकोला दाखवलं म्हणे. आणखी एकाने एका गाजलेल्या कादंबरीबद्दल लिहिलं होतं, "नायक विचार करत बसला तेवढ्यात मी दोन खोल्या झाडून घेतल्या." ते सगळंच गिळावं लागलं. हेडमास्तरांना वाचवण्यासारखा त्यात एकही शब्द सापडला नाही.

मला वाटायचं, मी सभ्यतेची सेवा करतोय. पोट भरलेलं असलं की असं वाटतं.

मग ती आली. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या खजिनदारांची सख्खी भाची. वाचनालयात तिला सगळे फटाकडी म्हणतात, अर्थात ती बाहेर गेल्यावर. पेन्सिल इतकी दाबून धरते की टोक मोडतं. पहिल्याच दिवशी तिने हेडमास्तरांना विचारलं, "पेन्सिलनंच का, सर?"

"चूक झाली तर दुरुस्त करता येते."

"कुणाची चूक?"

हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला. आमच्याकडे हे उत्तर समजलं जातं.

गेल्या महिन्यात तिने एक जाडजूड कादंबरी नेली, 'निळ्या आगीचं वचन'. मुखपृष्ठावर एक मुलगी, तिच्या हातात ज्वाळा, मागे काळ्या झग्यातला देखणा राजपुत्र. पुस्तक आल्यापासून मुलींची त्यावर झुंबड. पण पुस्तक तिच्याकडे असतानाच एका पालकांनी लेखी तक्रार दिली की पान एकशे बारावर चुंबन आहे, आणि त्या पानाची झेरॉक्सही जोडली. कार्यकारिणीने ते पान तातडीने आणि बारकाईने वाचलं. पुस्तक काढून टाकायचं ठरत आलं होतं. अडचण एवढीच, की प्रतीक्षा यादीत अकरा मुली होत्या, आणि म्हाताऱ्यांनी पुस्तक काढलं असं कुणी म्हणायला नको होतं. म्हणजे पुस्तकाच्या विरुद्ध एखादी तरुण वाचक हवी होती.

आणि नेमका तिने पुस्तक परत करताना अभिप्राय लिहिला. पुसण्याआधी मी तो पुरता वाचला, तो असा:

"हे पुस्तक मुलींची फसवणूक करतं. मी ते दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा जेवायला उठले नाही. नायिकेच्या तळहातातून निळी आग निघते आणि ती कुणाच्या बापाला घाबरत नाही. असलं काही मला पंधराव्या वर्षी वाचायला मिळायला हवं होतं. राजपुत्र तीनशे चाळीस वर्षांचा आहे, तरी त्याला मनातलं धड सांगता येत नाही. तरी मला तो आवडला, याचा मला राग आहे. चारशे पानं ती आग असते. शेवटच्या दहा पानांत त्याला वाचवायला आग देऊन टाकते आणि लेखिका म्हणते, हेच खरं प्रेम. हे खोटं आहे. प्रत्येक मुलीनं वाचावं आणि लेखिकेशी भांडावं. असली पुस्तकं वाचनालयात एक नाही, दहा हवीत."

हेडमास्तरांनी हे दोनदा वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मला उचललं.

इतकं मी कधीच खाल्लं नव्हतं. तिचं अक्षर कागदात रुतलेलं. घासता घासता माझ्या अंगाच्या वळकट्या पडायला लागल्या, सदरा फाटला, कागद पातळ झाला. जेवण गेलं, आग गेली, आवडलेला राजपुत्र गेला. शेवटच्या ओळीतून "एक" गेला, स्वल्पविराम गेला, "दहा" गेले. मग हेडमास्तरांनी शाईचं पेन घेतलं आणि उरलेलं गिरवलं:

"हे पुस्तक मुलींची फसवणूक करतं. हे खोटं आहे. असली पुस्तकं वाचनालयात नाही हवीत."

"व्वा," ते स्वतःशीच म्हणाले, "किती नेमकं लिहिते पोरगी."

आज पाच वाजता तिला बैठकीला बोलावलं. टेबलाच्या एका बाजूला हेडमास्तर, डॉक्टर आणि तिचे खजिनदार मामा. मधे वही, पेन आणि मी. खाली तिची सही झाली की पुस्तक कपाटातून जाणार आणि ठरावात कारण म्हणून तिचं नाव लागणार.

"ये बाळ, बस," डॉक्टर म्हणाले. "तुझा अभिप्राय आम्हाला फार आवडला."

तिने वाचला. "हा माझा नाही."

"यात एक शब्द माझा नाही," हेडमास्तर म्हणाले. "सगळे तुझेच आहेत. बघ."

"शब्द माझे आहेत, सर. मत तुमचं आहे."

तिने वही उचलली, खिडकीकडे तिरपी धरली. पुसलेल्या ओळींचे खळगे उजेडात स्पष्ट दिसत होते. तिने सगळं मोठ्याने वाचून दाखवलं, आवडलेल्या राजपुत्रासकट. मला कुठे लपू असं झालं.

"अगं, मोठी माणसं सांगतायत तर करून टाक सही," मामा म्हणाले. "घरी तुझ्या आईला काय तोंड दाखवू मी?"

"रोजचंच दाखवा, मामा. तिला सवय आहे." मग तिने तिघांकडे बघितलं. "पुस्तक वाचलंय का तुमच्यापैकी कुणी?"

"पान एकशे बारा तिघांनीही वाचलंय," हेडमास्तर म्हणाले.

"मी दोनदा," डॉक्टर म्हणाले. "खात्री करून घ्यायला."

"आणि उरलेलं? तुम्हाला खटकायला हवा होता तो शेवट. आग देऊन टाकते! इतका बावळट शेवट..."

"बावळट काय त्यात?" मामा एकदम उसळले. "दिली नसती तर मेला असता तो! खिंडीत एकटा, पाठीत तीन बाण, आणि तो घोडासुद्धा..."

पुढे ते थांबले. फार उशिरा थांबले.

मला माहीत होतं. तिने परत केल्यापासून पुस्तक खजिनदारांच्या कपाटात कुलपात होतं, आणि दुपारी वाचनालय बंद असताना वहीबरोबर मीही त्याच कपाटात असायचो. आठवडाभर मामा रोज दुपारी "पंख्याचं काहीतरी बघतो" म्हणून यायचे आणि कपाटाच्या दाराआड उभे राहून वाचायचे. घोडा मेला तेव्हा त्यांनी रुमाल काढला होता.

"मामा! तुम्ही वाचलंत?"

"चाळलं जरा."

"चाळताना बाण मोजत नाही कुणी." ती हसली. खरंखुरं हसली. "आपण भांडू यावर, मामा. अगदी घरी जाईपर्यंत भांडू. यासाठीच तर ते कपाटात हवंय."

"विषय भरकटतोय," हेडमास्तर म्हणाले आणि पेन तिच्यापुढे सरकवलं. "सही."

माझ्याबद्दल थोडं सांगून टाकतो, कारण मी आता वाटाण्याएवढा उरलोय आणि पुढच्या शनिवारपर्यंत टिकेन असं वाटत नाही. मला सदरा नाही, कडा नाही, वास नाही. पोटात मात्र गर्दी आहे. वाचकहो, पुस्तक आवडलं नाही तर तसं लिहा, आवडून राग आला तर तसंही लिहा. फक्त दाबून लिहा. आमच्यासारख्यांना पचणार नाही इतकं दाबून.

"नाही करणार," ती म्हणाली.

"काय?"

"सही. नाही करणार मी. पुस्तक काढायचं असेल तर तुमच्या नावानं काढा, माझ्या नाही. अकरा मुली विचारतील कुणी काढलं, तेव्हा दाखवायला नावं पाहिजेत." तिने पेन उलटं त्यांच्याकडे सरकवलं. "तिघांच्या सह्या. आधी कोण करतंय?"

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. हेडमास्तरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरून राहिले. मामा पंख्याकडे बघत बसले. पंखा व्यवस्थित चालू होता.

ती समोर बसून आहे. पेन टेबलाच्या मधोमध पडलंय.